जास्तीचा बर्फ

हलवून टेबलावर ठेवलेल्या कुपीत पांढरा साका भराभर तळाशी बसला. लस गोठून वाया गेल्याची ती खूण होती. कुमुद सिस्टरने उरलेल्या कुप्याही पुन्हापुन्हा हलवून पाहिल्या. वाटेत ऊन लागू नये म्हणून तिनेच लसीच्या डब्यात जास्तीचा बर्फ भरला होता.

“टोचून टाका, सिस्टर. कुणाला कळतंय?” अंगणवाडीची सेविका कुजबुजली. “आज परत पाठवलं तर या पुन्हा यायच्या नाहीत.”

बाहेर ओट्यावर वाडीतल्या बाया तान्ही पोरं घेऊन बसल्या होत्या. वर्षभर दारोदार विनवल्यावर त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

“आटपा बाई, आमचं मन फिरायच्या आत!” एक म्हातारी ओरडली, आणि सगळ्या हसल्या.

सिस्टर डब्याचं झाकण लावून दारात आली.

“बायांनो, लस माझ्या हातून खराब झाली. आज कुणालाच टोचणार नाही.”