वेड्या राघूची चार पिलं

पिलं उडत का नाहीत, हे आचलला कळेना. ती फांदीच्या अगदी जवळ आली होती. एवढ्या जवळ माणूस आलं की पाखरू थांबत नाही. पण वेड्या राघूची चारही पिलं एकमेकांना खेटून, एका रांगेत तशीच बसलेली. मिरगाच्या तोंडावरचं ऊन वैनगंगेच्या वाळूवर नुसतं पेटलं होतं. पिलांनी चोची उघड्या टाकल्या होत्या.

"आचल, बाजूले हो ना थोडी. फोटोत येऊन राह्यली तू," मागून सूरज म्हणाला. आवाज नेहमीसारखाच गोड.

सूरज तिचा होणारा नवरा. वडशाच्या तांदळाच्या गिरणीवाल्यांचा मुलगा. नुकताच साखरपुडा झाला होता, दिवाळीनंतर लग्न होतं. पाखरांचे फोटो काढण्यात त्याचं नदीच्या दोन्ही काठच्या जिल्ह्यांत नाव होतं. "मुंगीलेही पाय लावत नाई हो पोरगा," असं मध्यस्थाने सांगितलं आणि आचलची आई गोकुळाबाई तिथेच विरघळली. आचलसुद्धा. आज तो तिला पाखरं दाखवायला नदीवर घेऊन आला होता. सोबत त्याचा पक्षीमित्र अजय होता.

आचल बाजूला झाली नाही. ती वाकली, आणि मग तिला दिसलं. पिलांचे पाय पिवळट, चकचकीत लगद्यात रुतले होते. एक पिलू पाय उचलायला बघत होतं. पाय जरासा वर येई, लगद्याची तार ताणली जाई, की पाय पुन्हा खाली. मागच्या दरडीतलं त्यांचं बीळ कुणीतरी उकरून भगदाड केलं होतं. खुरपं अजयच्या बॅगेपाशी पडलं होतं.

"हे काय हाय, सूरज?"

"गोंद हाय. गिरणीत उंदरं धराले लावतो, तो." त्याने कॅमेऱ्यावरून डोळासुद्धा काढला नाही. "नाईतर चार पिलं अशी रांगेत बसतेत का कधी? फोटो झाला की सोडतोच. तेल आणलं हाय मी. मी काय कसाई हाव का?"

आचलने कडेच्या पिलाला बोट लावलं. त्याची मान एका अंगाला कलंडली. पाठीमागून त्याला काडीचा टेकू दिलेला होता.

"सूरज, हे तर मेलं हाय!"

"मालूम हाय. हात नको लावू, काडी पडन. समोरून कळत नाई."

तेवढ्यात पिलांची आई आली. चोचीत चतुर होता. जिवंत पिलं चिवचिवत राहिली आणि ती नेमकी त्या मेलेल्या पिलाच्या चोचीत घास कोंबू लागली. चतुर खाली पडला. तिने उचलला, पुन्हा कोंबला. मागे दोन्ही कॅमेरे खटाखट वाजत होते.

"एक नंबर!" अजय म्हणाला.

आचलने सूरजची बॅग वाळूवर उपडी केली. खोबरेल तेलाची बाटली सापडली. अर्धी वापरलेली होती. म्हणजे ही काही पहिली वेळ नव्हती. तिने एकेका पिलाच्या पायावर तेल सोडलं आणि नखाएवढी बोटं गोंदातून सोडवायला बसली. एकाचं नख गोंदातच राहिलं. तिच्या हाताला तेल, गोंद, विष्ठा, रक्त, सगळं लागलं. संतापाने तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. सूरजने तिला अडवलं नाही. तो फक्त तिच्याभोवती फिरत राहिला.

"असंच. मान थोडी वर कर," तो हळूच म्हणाला.

तीन पिलं तिने दरडीतल्या दुसऱ्या, सावलीतल्या बिळात सरकवली. चौथं वाळूत पुरलं. परतताना गाडीवर ती मागची दांडी धरून बसली. सूरजच्या खांद्याला तिने हात लावला नाही.

सूरजने नदीवरूनच मोबाइलवर टाकलेला फोटो ती घरी पोचायच्या आधीच गावात पोचला होता. संध्याकाळी अंगणात गोकुळाबाई शेजारणींना मोबाइल दाखवत होती. फोटोत आचल, ओंजळीत पिलू, गालावर पाणी. खाली सूरजने लिहिलं होतं : 'कुणा निर्दयी माणसांनी गोंदाने चिकटवलेल्या पिलांना माझ्या आचलने जीवदान दिलं.'

शेजारणी गेल्यावर आचलने आईला सगळं सांगितलं. "मी त्याच्याशी लगन करत नाई," म्हणाली.

"पाखरासाठी सोयरीक मोडतं का कोणी?" गोकुळाबाई चिडली. "पोरगा दारू पीत नाई, कोणाले शिवी देत नाई. चुकला असन एखाद्या वक्ती. लोकायले काय सांगू मी? माया पोरीले राघूचा पुळका आला म्हणून?"

तेवढ्यात फोन वाजला. सूरजचाच होता.

"बोल त्याच्याशी. अन् आवाज मोठा ठेव, मलेही आयकू दे," गोकुळाबाई म्हणाली. "माफी मागत असन बिचारा."

आचलने फोन उचलून मध्ये धरला.

"पाह्यला का, आचल?" सूरजच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "नागपूरवरून फोन येऊन राह्यले मले. आणखी फोटो पाहिजे म्हणतेत तुये. रविवारी येतो तुले घ्याले. अजयनं दुसरं बीळ पाहून ठेवलं हाय. तू फक्त आजच्यासारखीच रडजो."

गोकुळाबाईने आचलच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मग पोरीचा हात हातात घेऊन म्हणाली,

"काढ ते अंगठी."