गौर माहेरी येते

"शालिनी, थांब! गौरी सवाष्णीनं आणायच्या असतात, घटस्फोट घेऊन आलेल्या तुझ्या लेकीनं नव्हे," थोरल्या जाऊबाई उंबऱ्यात आडव्या आल्या. "आपल्या वन्सं सासर सोडून आल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना सणावारी माजघराबाहेर येऊ दिलं नव्हतं."

ते ऐकून लेक मुखवट्यांचं तबक खाली ठेवू लागली. शालिनीबाईंनी तिचा हात धरला. जन्मात त्यांनी जावेला उलट उत्तर दिलं नव्हतं.

"ताई, गौरसुद्धा माहेरीच येतेय," त्या हळूच म्हणाल्या. "नवऱ्यानं नांदवलं का, असं आपण तिला कधी विचारलं? सरका बाजूला."

जाऊबाई सरकल्या. शालिनीबाईंनी थाळी वाजवत विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या" म्हणायला कुणी पुढे येईना. तेव्हा लेकच उंबरा ओलांडत म्हणाली, "स्वतःच्या!"