कोरडी मूठ

"उजवा हात बाहेर ठेवा!" म्हातारा हॉब गरजला. पाद्रीबाबांच्या हातातलं पाणी तसंच थांबलं.

हॉबनं नातवाची इवलीशी मूठ लोकरीच्या फडक्यात गुंडाळली आणि आपल्या पंजात घट्ट धरली. इंग्रजांच्या सीमेला लागून असलेल्या लिडल नदीच्या खोऱ्यात मुलग्यांचा बाप्तिस्मा असाच होतो. बाकी अंग देवाचं, उजवा हात घराण्याचा. त्या हाताला देवाचं पाणी लागलेलं नसलं की त्यानं धाड घालावी, गुरं पळवावीत, माणूस कापावा. पाप लागत नाही म्हणे. देवसुद्धा किती सोयीचा!

बाळाची आई जोनेट खाली मान घालून उभी होती. तिचा नवरा असाच कोरडा हात घेऊन गेल्या शरदात सीमेपलीकडे गुरं लुटायला गेला आणि घोड्यावर आडवा बांधलेला परत आला. मग पलीकडच्या इंग्रजांनी सूड म्हणून तीनदा धाड घातली. तिसऱ्यांदा तर छप्परही ठेवलं नाही.

महिनाभर ती सासऱ्याच्या पाया पडत होती. "मामंजी, याचा तरी हात भिजू द्या. मेंढ्या राखेल, पण जगेल."

"आणि बापाचा सूड कोण घेणार? मेंढ्या?" म्हाताऱ्याचं एवढंच उत्तर.

पाद्रीबाबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "घरी आधीच कुणी बाप्तिस्मा दिलेला नाही ना? मूल जाणार असं वाटलं तर कुणीही देऊ शकतं. पण एकदा झाला की झाला, पुन्हा देता येत नाही."

"छट्! पोर चांगलं धडधाकट आहे," हॉब म्हणाला. जोनेटनं तोंडातून ब्र काढला नाही.

पाणी पडलं. बाळानं टाहो फोडला. मूठ कोरडीच राहिली. हॉब बाळाला उचलून, ती मूठ उंच धरून सगळ्यांना दाखवत बाहेर पडला, आणि लोकांनी त्याची पाठ थोपटली.

मागे राहिलेली नणंद बेसी रडकुंडीला आली. "वहिनी, एक शब्द बोलली नाहीस! दगड आहेस का गं तू?"

जोनेटनं दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"जन्मला तेव्हा निळा पडला होता. श्वासच नव्हता. सुईण मामंजींना हाक मारायला धावली. मी एकटीच होते. उशाशी पाण्याचं भांडं होतं. देवाचं नाव घेतलं आणि ओतलं."

"डोक्यावर?"

"नंतर. आधी उजव्या हातावर."