शेवटच्या रकान्यातली ओळ

मुलांनो, एक जेवायचं टेबल डोळ्यांसमोर आणा. अर्ध्या टेबलावर लॅपटॉप, कागदांची चळत आणि निवून गेलेला चहा. उरलेलं अर्धं तेवढं जेवायला. तिथे एक बाई बसली आहे. औषधांच्या, यंत्रांच्या, नव्या शोधांच्या बातम्या ती लिहिते. नोकरी नाही, आज या वर्तमानपत्रासाठी, उद्या त्या मासिकासाठी. तेव्हा हे टेबल म्हणजेच तिचं ऑफिस. आता दारावरची बेल वाजली असं समजा, आणि तिच्या मागोमाग आपणही दाराशी जाऊ.

दारात एक शिंपी उभा होता. घाईत गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती. त्याचा हात धरून दहा-अकरा वर्षांची मुलगी, जिना चढून धापा टाकणारी.

“औषधाचं लिहिणाऱ्या ताई तुम्हीच ना?”

तो पहाटेच्या गाडीनं आला होता. आधी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. त्या बाई इथे बसत नाहीत, बाहेरून लिहून देतात, असं दारावरच्या माणसानं सांगितलं आणि पत्ता लिहून दिला.

तिनं दोघांना आत बसवलं, पाणी दिलं. शिंप्यानं सदऱ्याच्या आतला खिसा उघडला. खिसा मुद्दाम शिवलेला, त्याला बटणही होतं. त्यातून एक कात्रण निघालं. वर ठळक अक्षरांत ‘स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावर औषध सापडले’ आणि खाली तिचं नाव. मथळा तिचा नव्हता. मथळा कचेरीतला उपसंपादक देतो. पण वाचणाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार!

काल एका गिऱ्हाइकानं हे कात्रण आणून दिलं होतं. मोठी अक्षरं शिंप्यानं स्वतः वाचली. बारीक अक्षरं त्याला आता दिसत नव्हती. सुईत दोरासुद्धा ही ठकीच ओवून द्यायची, तो म्हणाला, पण वर्षभर झालं, तिची बोटं ऐकत नाहीत. त्याला फक्त औषधाचं नाव आणि दुकानाचा पत्ता हवा होता.

“दादा, हे औषध अजून माणसाला दिलेलंच नाही,” ती म्हणाली. “प्रयोग उंदरांवर झालाय.”

“उंदीर बरे झाले?”

“काही झाले.”

“मग झालं तर. माझी पोर काय उंदराहून कमी आहे?”

“घरी मला उंदीरच म्हणतात,” ठकी म्हणाली. “बिस्किटं कुरतडते म्हणून.”

तिघंही हसली. मग शिंपी सांगत राहिला. लांब जावं लागलं तरी जाईन, म्हणतील तिथे सही करीन, पोरीला पाठीवर घेऊन जाईन. तो बोलत होता तेवढ्यात ठकीनं टेबलावरचं कात्रण ओढून घेतलं. कालपासून त्यानं तिला ते हातात घेऊ दिलं नव्हतं, मळेल म्हणून. ती ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली.

बाईचं लक्ष शिंप्यावरून उडालं.

कात्रण तिला पाठ होतं. शेवटच्या रकान्यात, अगदी तळाशी, एक वाक्य होतं. ज्या पिल्लांना जन्मल्याबरोबर औषध मिळालं ती सावरली. ज्यांचा आजार आधीच वाढला होता, त्यांना काहीही गुण आला नाही. जागा पुरत नाही म्हणून उपसंपादक ते वाक्य कापायला निघाला होता. त्यासाठी ती फोनवर अर्धा तास भांडली होती. “बाई, शेवटचा रकाना वाचतं कोण?” असं वैतागून म्हणत त्यानं ते राहू दिलं. आपण एक वाक्य वाचवलं, याचा तिला चार दिवस केवढा आनंद होता.

आता वाटलं, कापलं असतं तर बरं झालं असतं.

“ठकी, दे ते इकडे. तुला नव्या दुर्बिणीचे फोटो दाखवते.”

“एवढं वाचून होऊ दे, मावशी.”

“संपल्याशिवाय उठायची नाही ती,” शिंपी कौतुकानं म्हणाला.

बोट पहिला रकाना उतरलं. दुसऱ्याच्या माथ्यावर गेलं. तोही उतरलं. मावशी बघत राहिली. तिसऱ्या रकान्याच्या तळाशी बोट थांबलं, एक ओळ वर गेलं, पुन्हा खाली आलं आणि तिथेच राहिलं.

“मग किती दिवस धरायचे, ताई?” शिंपी विचारत होता. “महिना? दोन महिने?”

तिनं शिंप्याच्या पेल्यात पुन्हा पाणी ओतलं.

“बाबा, ते अजून बनवतायत,” ठकी म्हणाली. “इथे लिहिलंय.”

“बनवतायत ना? मग थांबू की.”

ठकीनं कात्रणाची घडी घातली. शेवटचा रकाना आत गेला, मोठी अक्षरं वर राहिली. खुर्चीवरून उठून तिनं ती घडी बाबांच्या आतल्या खिशात सरकवली आणि बटण लावू लागली. बटण बोटांतून निसटलं. पुन्हा निसटलं. बाबांनी मदतीला हात पुढे केला, तो तिनं कोपरानं बाजूला सारला.

“आता कुणाच्या हातात देऊ नका हं, बाबा,” ती म्हणाली. “मळेल.”

आणि तिनं बटण पुन्हा चिमटीत धरलं.