जमिनीवरचं विमान

"तुम्ही आज उडायचं नाही," असं म्हणून हवाई कसरतींच्या समितीच्या अध्यक्षांनी उज्वलाचं हेल्मेट स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतलं.

नाशिकबाहेरच्या धावपट्टीवर सकाळपासून माणसांची जत्रा लोटली होती. कसरतीची विमानं उडवायला लागून उज्वलाला बरीच वर्षं झाली होती. बंगळूरला, जयपूरला, कुठंकुठं तिने आकाशात कोलांट्या मारल्या होत्या. आज पहिल्यांदाच स्वतःच्या गावावर विमान उलटं करायची संधी आली होती. आणि जत्रेतल्या पाळण्यात बसलं तरी ज्याला गरगरतं, तो माणूस ती अडवून बसला होता.

कारण तर त्याहून संतापजनक. हँगरच्या मागे ती डोळे मिटून, हात वाकडे करून, घुमल्यासारखी फिरताना कार्यकर्त्यांनी पाहिली होती. त्यात मखमलाबादच्या कुणीतरी तोंड घातलं. ही आमच्याच गावची, हिच्या अंगात येतं, अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

उज्वलाने समजावून सांगितलं. उडण्याआधी सगळा खेळ जमिनीवर चालून बघायचा असतो. डोळे मिटायचे, आपला तळहात म्हणजे विमान, तो वळेल तसं आपण वळायचं. वर गेल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. अध्यक्षांनी मान डोलावली आणि एक शब्द कानात शिरू दिला नाही. उद्या पेपरात काही छापून आलं तर समितीने तोंड कुठे लपवायचं, एवढीच त्यांची काळजी.

मग कॅप्टन पेंढारकरांना तरी विचारा, ती म्हणाली. तेही आज तिच्या जोडीने कसरतीचं विमान उडवणार होते. पण त्यांची तयारी चालू होती, आणि त्यांना कुणी हाक मारायची नाही असा खुद्द अध्यक्षांचाच हुकूम होता.

तेवढ्यात अध्यक्षांना उज्वलाची आई दिसली. लेक उडणार तर हारांना झेंडू आपल्याच मळ्यातला, असा हट्ट धरून लंकाबाई पाटी घेऊन आल्या होत्या आणि तंबूच्या तोंडाशी हार ओवत बसल्या होत्या. अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं.

"मावशी, तुम्ही आई आहात. देवाशपथ सांगा, हिच्या अंगात येतं का?"

उज्वलाला वाटलं, संपलं. कारण गावभर ही गोष्ट झाली होती ती आईमुळेच. कसरती शिकायला लागल्यावर पहिल्या सुट्टीत उज्वला घरच्या खळ्यात असाच सराव करत होती, आणि ते बघून लंकाबाईंच्या हातातली घागर सुटली होती. मग दर अमावास्येला भगताकडे वाऱ्या. विमान चालवायचा परवाना खिशात असलेली मुलगी आईच्या समाधानासाठी अंगारा लावून घेत होती, कडुलिंबाच्या डहाळ्यांचे फटके खात होती. ठरत आलेली सोयरीक मोडली ती त्यातच. शेवटी ती दार लावून सराव करू लागली, तेव्हा गुण आला म्हणून लंकाबाईंनी भगताला नारळ दिला. आईला लबाडी जमत नाही, हे उज्वलाला पक्कं माहीत होतं. आणि आता तर देवाची शपथ घातली होती.

लंकाबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. त्यांची नजर बाजूला गेली. दोर बांधून मोकळ्या ठेवलेल्या जागेत कॅप्टन पेंढारकर एकटेच होते. डोळे मिटलेले. हात वाकडे. मध्येच ते वाकत होते, गर्रकन वळत होते, घुमत होते. दोराला खेटून मोठमोठी माणसं उभी होती आणि कार्यकर्ते ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प करत होते.

लंकाबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. अमावास्येमागून अमावास्या आपण हिला काय काय सोसायला लावलं, ते आठवून त्यांचा चेहरा कसनुसा झाला आणि मग रागाने लाल झाला.

त्यांनी टेबलावरचं हेल्मेट उचललं आणि उज्वलाच्या हातात दिलं. अध्यक्ष काही बोलणार, तोच त्यांनी दोरापलीकडे बोट दाखवलं.

"आन् या सायबांना कोणत्या भगताकडं नेता तुम्ही?"