मायनसची वायर

दुसरा स्पीकर काही खोक्यात बसेना. रामहरीने कानशीने भोक थोडं वाढवलं, पुन्हा लावून पाहिलं, तेव्हा कुठे तो मापात आला.

"जीपच्या दारात बारा वरसं मुकाट बसला व्हता," तो स्पीकरला म्हणाला. "घरात आणला की नखरे सुरू."

ओसरीवर बनाबाई खोक्यात भरायला जुन्या गादीचा कापूस पिंजत होत्या.

अंथुर्णे ते इंदापूर सीटा भरून वडाप करताना त्याच जीपमधून रामहरीने बनाबाईंच्या नवऱ्याचं, मोहनअण्णांचं, भजनी मंडळ गावोगाव नेलं होतं. जीप भंगारात गेली, पण टेप आणि स्पीकर त्याने काढून ठेवले. अण्णा गेल्याला आता सात महिने झाले होते. पहाडी आवाजाचा माणूस. माईक दिला तर बाजूला सरकवायचा. अण्णा गायला लागले की रामहरीला आपण जमिनीवर आहोत की अधांतरी, हेच कळत नसे.

त्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग होतं. घरच्या एकादशीला बारामतीच्या स्टुडिओवाल्याने दोन माईक लावून केलेलं. एक टाळकऱ्यांकडे, दुसरा आतल्या उंबऱ्याकडे, जिथे बसून बनाबाई मागे म्हणायच्या. अण्णा बरोबर मधोमध.

बनाबाईंनीच रामहरीला बोलावून घेतलं होतं. "तुमच्या जीपच्या स्पीकरचं घरात काय जमतंय का बघा, भाऊजी. मोबाईलवर सगळं एकातएक व्हतंय."

नवरा गेलेल्या बाईने दुसरं काय मागावं? रामहरीचा जीव गलबलला. मोडक्या कपाटाच्या फळ्यांची त्याने खोकी केली. आवाजाला घुमारा यावा म्हणून ठिबकच्या पाईपचा तुकडा खाली बसवला. पुढून बनाबाईंच्या जुन्या लुगड्याचं कापड ताणून लावलं. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि रेकॉर्डिंगचा पेनड्राईव्ह टेपला खोचला.

दुपार कलली होती. कालव्याकडून गार वारा येत होता, उसाची पानं सळसळत होती. टाळ वाजले आणि ते इतके जवळ वाजले, की टाळकरी ओसरीवरच येऊन बसले असावेत. मृदंग आला. मागे म्हणणारे आले. पण अण्णा आलेच नाहीत. जणू गाता गाता ते मधूनच उठून शेताकडे गेले होते आणि भजन त्यांच्यावाचून चाललं होतं.

रामहरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बनाबाईंकडे पाहिलं. हातातला कापूस हातातच राहिला होता आणि डोळ्यांना धार लागली होती.

"वैनी, बंद करतो. काय तरी चुकलंय माझं."

"नगं," त्या हळूच म्हणाल्या. "पुन्हा एकदा लावा."

अण्णांचा आवाज आता येईल, मग येईल, अशी वाट बघत असतील बिचाऱ्या. रामहरीने तीनदा लावलं आणि चोरासारखा घरी गेला.

चूक पहाटे अंथरुणातच सापडली. जीपमध्ये दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी लोखंडी बॉडीला आवळल्या की भागतं. टेपही त्याच बॉडीला टेकलेला असतो. सवयीने त्याने इथेही दोन्ही वायरी एका पत्र्याच्या पट्टीला आवळल्या होत्या. पण टेप लाकडी फळीवर! पट्टीपासून टेपपर्यंत वायर टाकायची राहिली, म्हणून दोन्हीकडे सारखा असलेला, मधोमध बसलेल्या अण्णांचा आवाज तेवढा मरत होता आणि कडेकडेचे उरत होते.

सकाळीच जाऊन त्याने हातभर काळी वायर टाकली. अण्णांचा आवाज घरभर उसळला. आढ्यापर्यंत गेला, परड्यात गेला, रस्त्यावरची दोन माणसं थबकली. रामहरी गुडघ्यात डोकं घालून पोटभर रडला.

बनाबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "ही एकच वायर व्हय?"

"एकच. पर सगळे अण्णा तिच्यावरच हायेत बघा."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी तो इंदापूरहून परतत होता. मनात अण्णांचंच भजन घोळत होतं. अण्णांचं घर जवळ आलं, टाळ ऐकू आले, आणि त्याचा चेहरा पडला. अण्णा पुन्हा नव्हते. वायर ढिली झाली असणार. मोटारसायकल लावून तो लगबगीने आत शिरला.

काळी वायर टेपवर नीट गुंडाळून ठेवली होती. बनाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. टाळांच्या वर एका बाईचा आवाज तरंगत होता, नितळ, उंच, कुठलीही घाई नसलेला. रामहरी जागीच उभा राहिला. इतक्या वर्षांत असा आवाज त्याने या घरात ऐकला नव्हता. त्या दिवशीही अण्णांना शोधण्याच्या नादात तो त्याच्या कानांवरून निसटला होता.

"वैनी, वायर निघाली जणू."

"म्याच काढली." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "एकवीस वरसं त्यांच्या मागं म्हणत आले, भाऊजी. माझा आवाज कसा हाय, ते त्या दिवशी पयल्यांदा कळलं."