माझ्या नावानं

"तुम्हीच टाका काहीतरी माझ्या नावानं," गणराज इनामदार म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बातमीदार प्राजक्ताला नवल वाटलं नाही. गणराज मालिकांमधला मोठा नट होता आणि परखड म्हणून प्रसिद्ध होता. पाणीकपात असो की पक्षांतर, त्याचं मत तिच्या चिंचवडच्या दैनिकात पहिल्या पानावर यायचं. लिहायचं मात्र कार्यालयातल्याच कोणीतरी. तो ते वाचायचाही नाही. दुसऱ्या दिवशी लोकांनी कौतुक केलं की आपलं मत काय होतं, ते त्याला समजायचं.

आजचा विषय होता राज्याचं नवं औद्योगिक धोरण. गणराज संध्याकाळी थेरगावात साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला येणार होता. त्याच्या फोटोसकट मतासाठी पहिल्या पानावर जागा धरून ठेवली होती. प्राजक्ताची स्वतःची बातमी पाचव्या पानावर तळाशी गेली होती. चार ओळी. नाव नाही, फोटो नाही.

ती बातमी दीपमालाची होती. दीपमाला लातूरकडची. चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेली, प्रेस मशीनवर पत्र्याचे भाग दाबायची. हात मध्ये आला तर मशीन थांबवणारा सेन्सर तिथे होता. पण तो चालू असला की माल कमी निघतो, म्हणून बंद करून ठेवलेला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याच मशीनवर कंपनीने लगेच दुसरी मुलगी बसवली. सेन्सर बंदच राहिला.

"माझी तर गेली," दीपमाला म्हणाली होती. "पण छापून आलं तर सेन्सर चालू करतील. आता तिथं कस्तुरा बसायलीय. लगीन ठरलंय तिचं."

तिने प्राजक्ताकडून सगळी बातमी मोठ्याने वाचून घेतली होती. 'त्यानंतर यंत्राची स्वच्छता करण्यात आली,' हे वाक्य येताच तिने थांबवलं. स्वच्छता कसली? ती बोलली होती ते असं: "मशीन बंद पडली की साहेब पळत येतेत. माझी बोटं गेली, तवा आधी मशीन पुसून घेतली." हेच पाहिजे, असं तिने बजावलं. "मी बोलले तसंच छापा, ताई. माझं बोलणं हाय, माझ्याच नावानं येऊ द्या. मी कुणाला भीत न्हाई."

प्राजक्ता बातमी घेऊन पुन्हा निवासी संपादकांकडे गेली. दिग्विजय सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाचलं, ते वाक्य दोनदा वाचलं, चांगलं आहे म्हणाले आणि कागद परत दिला.

"दीपमालाबाई बोलल्या, तर त्यावर पुढे कोण बोलणार?" त्यांनी विचारलं. "गणराज बोलला की मंत्री बोलतो. मग विरोधक बोलतो. मग दुसरा नट म्हणतो, नटांनी बोलू नये. आपलं चार दिवसांचं पान भरतं. तू त्याचं मत दे लवकर, पान छपाईला सोडायचंय."

प्राजक्ता जागेवर येऊन बसली. थोडा वेळ तिने रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. मग टाइप केलं: 'यंत्र बंद पडलं की साहेब धावत येतात. बाईची बोटं तुटली, की आधी यंत्र पुसून घेतात. चाकणला जाऊन बघा. सेन्सर बंद ठेवून माल काढायचा, हेच आपलं औद्योगिक धोरण आहे का?' वर नाव घातलं, गणराज इनामदार.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते वाक्य सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं. मंत्र्यांनी चौकशीचे आदेश दिले. विरोधकांनी मंत्र्यांचा राजीनामा मागितला. एका नटाने खरोखरच नटांनी बोलू नये असं म्हटलं. गणराजचाही फोन आला. तो खुशीत होता. "काय बोललो राव मी," तो म्हणाला. "असंच चालू राहू द्या."

दुपारी दिग्विजय सरांनी प्राजक्ताला हाक मारली. आता त्या बाईची प्रतिक्रिया हवी होती, गणराजच्या मतावर. पहिलं पान, चौकट, नाव आणि फोटो. म्हणजे काल प्राजक्ताने जे मागितलं होतं, ते सगळं.

प्राजक्ताने बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला. दीपमाला भरभरून बोलू लागली. सकाळीच सुपरवायझरने सगळ्या मशीनचे सेन्सर चालू करून घेतले होते, कस्तुराने जेवणाच्या सुटीत कळवलं होतं. पेपरातलं ते कात्रण दीपमालाने देवाच्या फोटोशेजारी चिकटवलं होतं.

"काय माणूस हाय ओ तो," ती म्हणाली. "मलाबी अगदी असंच वाटायचं. पण असं बोलता कुठं येतंय आपल्याला."

"दीपमालाताई, ते बोलणं तुमचंच आहे."

दीपमाला हसली. "गरिबाची मस्करी करता व्हय?"

प्राजक्ताने दोनदा समजावून पाहिलं. मग तो नाद सोडला आणि कागद गुडघ्यावर घेतला. आज तुमचं मत तुमच्याच नावाने येणार आहे, असं तिने सांगितलं. बोलाल तसंच छापेन, एक शब्दही हलवणार नाही.

एवढ्या मोठ्या माणसाच्या शेजारी छापून यायचं म्हणजे नीट काहीतरी पाहिजे, असं दीपमाला स्वतःशीच पुटपुटली. मग ओशाळून म्हणाली, "ताई, तुम्हीच टाका काहीतरी माझ्या नावानं."